थांबवणारी तार

यंत्र सुरू करण्याचे कौतुक आपल्याकडे फार. नवी गाडी दाराशी आली, की तिला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मग किल्ली फिरवतात. बंद करताना मात्र तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बंद करणे ही मुद्दाम करण्याची गोष्ट आहे, असे आपल्याला वाटतच नाही. दिव्याचे बटण, पंख्याचा रेग्युलेटर, मोटारीची किल्ली, सगळीकडे हिशेब एकच. पुरवठा तोडला की काम थांबले. 'बंद' म्हणजे काहीच न करणे, अशी आपली पक्की समजूत झालेली असते.

इंजिनांची एक जुनी आणि मानी जात मात्र ही समजूत मोडून काढते. त्या इंजिनाची तार तोडली तर ते थांबत नाही. उलट, तार तुटली तर ते थांबायचेच नाकारते. ही जात म्हणजे मॅग्नेटोवर चालणारी इंजिने. अमेरिकेत ज्यांना 'हॉट रॉड' म्हणतात त्या जुन्या, सजवलेल्या, वेगासाठी सोलून काढलेल्या मोटारींत ही इंजिने आजही जिवापाड जपली जातात. अशा गाडीवर इंजिन बंद करण्याची तार ओढणे हे काम दिसायला अगदी क्षुल्लक. एक तार, एक बटण, दोन स्क्रू. पण जीव वाचवणारी गोष्ट त्या गाडीत कोणती, असे विचारले तर बोट या तारेकडेच दाखवावे लागेल.

सुकलेल्या तळ्यांवरची मुले

हॉट रॉड हे कॅलिफोर्नियाच्या तरुणांचे अपत्य. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असे आठ सिलिंडरचे इंजिन बाजारात आणले. ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे हे 'फ्लॅटहेड' इंजिन काही वर्षांतच भंगारवाल्यांच्या आवारात स्वस्तात मिळू लागले. तिथल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या घेतल्या, मडगार्ड काढले, बॉनेट काढले, वजन कमी होईल ते सारे उतरवले आणि इंजिनातून मिळेल तेवढी ताकद पिळून काढली. पळवायला जागा होती लॉस एंजेलिसच्या पलीकडच्या मोहावी वाळवंटात. म्युरॉक, एल मिराज ही तिथली सुकलेली तळी. मैलोन्‌मैल सपाट, टणक जमीन आणि वर रणरणते ऊन.

या हौशी मंडळींना शिस्त लावण्यासाठी १९३७ साली 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन झाली. महायुद्ध संपले आणि विमानांच्या व रणगाड्यांच्या इंजिनांवर हात बसलेले तरुण घरी परतले, तेव्हा या छंदाला उधाण आले. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचे मासिकच सुरू झाले. १९४९ पासून युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरांवर वेगाचा सप्ताह भरू लागला आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' म्हणजे एनएचआरए ही संस्था उभी केली. रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या पोरांना मैदानात आणणे आणि नियमांत बसवणे हा तिचा हेतू.

वेगाच्या या वेडात बॅटरीवरची ठिणगी अपुरी पडू लागली. हिशेब सोपा आहे. आठ सिलिंडरच्या इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या लागतात. मिनिटाला ५,००० फेरे झाले, तर सेकंदाला ३३३ ठिणग्या झाल्या. म्हणजे एका ठिणगीच्या तयारीला मिळाला सेकंदाचा जेमतेम ३ हजारांशावा भाग. बॅटरीच्या कॉइलला इतक्या थोड्या वेळात पोटभर वीज घेता येत नाही. वेग वाढतो तशी ठिणगी रोडावते आणि ऐन मोक्यावर इंजिन अडखळते. मॅग्नेटोचे नेमके उलटे आहे. तो जितका वेगाने फिरेल तितकी ठिणगी जोरकस. शिवाय त्याला बॅटरी लागत नाही, म्हणजे तेवढे वजन वाचले. स्वित्झर्लंडच्या 'सिन्टिला' कंपनीचा 'व्हर्टेक्स' मॅग्नेटो तर डिस्ट्रिब्युटरच्या जागी जसाच्या तसा उभा बसतो. म्हणून तो या मंडळींच्या गळ्यातला ताईत झाला.

घरची विहीर

मॅग्नेटो म्हणजे काय? सायकलच्या चाकाला घासणारा डायनामो आठवा. त्याच कुळातला, पण थोरला भाऊ. चुंबक आणि तारेची वेटोळी एकमेकांजवळून फिरली की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवले. त्या तत्त्वावर रॉबर्ट बॉश यांनी १८८७ साली एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. १८९७ साली तो एका तीनचाकी वाहनावर चढला. त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली थेट स्पार्क प्लगला पुरेल इतक्या उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि मोटारींच्या दुनियेचा चेहरा बदलला.

त्याच्या पोटात दोन कॉइल असतात. जाड तारेचे थोडे वेढे असलेली पहिली आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असलेली दुसरी. चुंबक फिरला की पहिल्या कॉइलमध्ये प्रवाह वाहू लागतो. तो ऐन भरात असताना आपले मेकॅनिक ज्याला 'पॉइंट' म्हणतात ते टोक उघडते आणि प्रवाह एकदम तुटतो. त्या धक्क्याने दुसऱ्या कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. ठिणगीचे सारे रहस्य त्या 'एकदम तुटण्यात' आहे, हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

बॅटरीची वीज म्हणजे नगरपालिकेचे पाणी. टाकीतून येते, तोटी फिरवली की थांबते. मॅग्नेटोची वीज म्हणजे झरा. इंजिन फिरते आहे तोवर तो वाहणारच. झऱ्याला तोटी कुठून लावणार? त्याला पाट काढून द्यावा लागतो, म्हणजे पाणी शेतात न शिरता ओढ्याला जाऊन मिळते. मॅग्नेटोचा पाट म्हणजे पहिल्या कॉइलपासून निघून इंजिनाच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला, जोडणारी एक तार. ही तार बटणाने जोडली, की पॉइंट उघडला तरी प्रवाहाला दुसरी वाट मोकळी असते. तो एकदम तुटत नाही. तुटत नाही म्हणून दाब उसळत नाही. ठिणगी पडत नाही, इंजिन थांबते. मॅग्नेटोला त्याने काही इजाही होत नाही.

म्हणजे बॅटरीच्या गाडीत बटण उघडले की इंजिन बंद. मॅग्नेटोच्या गाडीत बटण जोडले की इंजिन बंद. सगळा व्यवहारच उलटा.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. ज्या घरांत जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर होत्या, त्यांना हँडलवरचे 'स्टॉप' बटण आठवत असेल. फ्लायव्हीलमध्ये मॅग्नेटो, किक मारली की ठिणगी, बॅटरी असो वा नसो. ते बटण दाबले म्हणजे मॅग्नेटो अर्थ होई. पावसाळ्यात बटणात पाणी शिरले, की घरातल्या कर्त्या पुरुषाने घामाघूम होईपर्यंत किक मारली तरी स्कूटर ढिम्म राही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक येई, बटणाकडे जाणारी तार उपसून काढी आणि पहिल्या किकला गाडी सुरू! जादू काही नव्हती. ओल्या बटणातून ठिणगी परस्पर अर्थला पळत होती, ती वाट त्याने तोडली, इतकेच. शेतातल्या इंजिनवाल्या फवारणी पंपाचे बटणही याच पद्धतीने चालते.

जुन्या तारेचा मोह

आता हॉट रॉडकडे वळू. हौशी माणूस जुना डिस्ट्रिब्युटर काढतो आणि तिथे मॅग्नेटो बसवतो. किल्लीपासून कॉइलकडे येणारी जुनी तार समोर लोंबत असते. मॅग्नेटोवर एकच स्क्रू मोकळा दिसतो. तार आहे, स्क्रू आहे, मग जोडायला किती वेळ? हा मोह एकदाच दोन घात करतो. किल्ली फिरवताच बॅटरीची वीज मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये शिरते. तिने पॉइंट जळतात, चुंबकाचा जोर उतरू शकतो. किल्ली बंद केली की ती तार नुसती तुटते, अर्थ होत नाही. म्हणजे मॅग्नेटोच्या दृष्टीने काही घडलेच नाही. इंजिन चालूच राहते. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की मॅग्नेटोच्या त्या स्क्रूला बॅटरीची वीज कधीही भेटता कामा नये.

योग्य जोडणी अशी. मॅग्नेटोच्या स्क्रूपासून एक स्वतंत्र, उत्तम आवरणाची तार निघते. ती बटणाच्या एका टोकाला जाते. बटणाच्या दुसऱ्या टोकापासून निघालेली तार थेट इंजिनाच्या ब्लॉकला घट्ट कसली जाते. रंग दिलेल्या चॅसिसला किंवा डॅशबोर्डच्या पत्र्याला ती जोडून भागत नाही. हॉट रॉडवर रंगाचे थर जाड असतात, इंजिन रबरी गादीवर बसलेले असते आणि रबर व रंग दोन्ही वीज अडवतात. या तारेत इंजिन चालू असताना बॅटरीच्या बारा व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त दाब उसळत असतो, म्हणून आवरण पातळ चालत नाही. पत्र्यातून जिथे ती आत शिरते तिथे रबरी कडे हवे. तापलेल्या सायलेन्सरच्या नळ्यांपासून आणि प्लगच्या वायरींपासून ती दूर हवी.

बटणही साधे चालते, पण त्याची दिशा नीट समजून घ्यावी लागते. ज्या बाजूला बटणाची टोके जोडली जातात ती बाजू 'बंद'ची. बाजारातल्या साध्या बटणावर जिथे 'ऑन' छापलेले असते, तिथे मॅग्नेटोचे इंजिन 'ऑफ' होते. म्हणून ते उलटे बसवायचे आणि वर स्पष्ट अक्षरांत लिहायचे. जाणकार मंडळी दुहेरी टोकांचे बटण वापरतात. एकाच हालचालीत त्याची एक बाजू मॅग्नेटोला अर्थ करते आणि दुसरी विजेच्या पेट्रोल पंपाचा पुरवठा तोडते. ठिणगीही गेली आणि पेट्रोलही.

काहींना जुन्या किल्लीनेच गाडी बंद व्हावी असे वाटते. त्यासाठी मध्ये रिले घालतात. रिलेचे एक टोक असे असते, की वीज नसताना ते स्प्रिंगने जोडलेले राहते. किल्ली फिरवली की बॅटरी ते टोक उघडते आणि मॅग्नेटो मोकळा होतो. किल्ली काढली, की टोक पुन्हा जोडले जाते आणि इंजिन थांबते. सोय उत्तम. पण आता बॅटरी मेली तरी इंजिन थांबणार. बॅटरीच्या जाचातून सुटण्यासाठी ज्याला आणले, त्याच्याच गळ्यात पुन्हा बॅटरीचे दावे! हे चालेल की नाही, ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. मात्र ठरवायचे असते हे खरे.

बिघडायचे कोणत्या बाजूने?

कारण मुळातला प्रश्न तारेचा नाहीच. यंत्र बिघडणार हे गृहीत धरले, तर ते कोणत्या बाजूने बिघडावे, हा तो प्रश्न आहे.

मुंबईच्या लोकलचा मोटरमन आठवा. गाडी चालवताना त्याला एक हँडल सतत दाबून धरावे लागते. त्याला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. आगगाडीचे दोन डबे एकमेकांपासून सुटले, की मधली ब्रेकची नळी तुटते आणि नळी तुटल्यामुळेच ब्रेक बसतात. तिथे शहाण्या माणसांनी ठरवले आहे, की काहीही बिघडले तरी गाडी थांबली पाहिजे. रुळांवर थांबलेली गाडी ही सुरक्षित गाडी.

विमानाचे तसे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानातून. त्या इंजिनावर दोन मॅग्नेटो होते. एक दगावला तर दुसरा. आणि दोघांनाही बॅटरीशी देणेघेणे नाही. हवेत थांबलेले इंजिन म्हणजे संकट. म्हणून तिथे तार तुटली तरी इंजिन चालत राहिले पाहिजे, असे ठरवलेले आहे. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानांतही हीच पद्धत. पण तिची किंमतही वैमानिकांना ठाऊक असते. जमिनीवर उभ्या विमानाची अर्थची तार तुटलेली असेल, तर किल्ली खिशात असूनही पंखा हाताने फिरवणाऱ्यावर इंजिन अचानक जागे होऊ शकते. म्हणून पंखा हा नेहमी जिवंत समजायचा, असा तिथला पहिला धडा.

हॉट रॉडची गंमत आणि भीती इथेच आहे. विमानाचा स्वभाव असलेली वस्तू तिने रस्त्यावरच्या गाडीत आणून बसवली. गाडीला मात्र आगगाडीची गरज आहे. संकटात ती थांबली पाहिजे. ॲक्सिलरेटरची स्प्रिंग तुटली आणि इंजिन पूर्ण वेगाने किंचाळू लागले, तर चालकाच्या हाताशी ती एक तारच असते. गाडी उलटली, चालक बेशुद्ध पडला, पेट्रोल सांडले, तर धावत आलेल्या माणसाने बॅटरीचे मेन स्विच खाली ओढले तरी मॅग्नेटो ठिणगी देतच राहतो. मदतीला आलेल्याला वाटते, बंद केले. इंजिनाला ते मान्य नसते.

म्हणूनच एनएचआरएच्या नियमांनी या बटणाबद्दल कडक भूमिका घेतली. सारी ठिणगी बंद करणारे बटण चालकाच्या सहज हाताशी हवे आणि ते एकदा बंद केले की बंदच राहणारे हवे. दाबून धरावे लागणारे, सोडताच परत येणारे बटण तिथे चालत नाही. कारण उघड आहे. गाडी वेगात घरंगळत असेल आणि बोट बटणावरून सुटले, तर चाके इंजिनाला फिरवत असतात, मॅग्नेटो पुन्हा ठिणगी देतो आणि थांबलेले इंजिन परत पेटते. स्कूटर उभी असताना शोभणारे बटण शर्यतीत घातक ठरते.

रोजची परीक्षा

या तारेचा खरा दोष तिच्या अबोलपणात आहे. बॅटरीच्या गाडीत तार तुटली तर गाडी बंद पडून ती स्वतःच सांगते. अर्थची तार आवरण घासून पत्र्याला टेकली, तर इंजिन वाटेत बंद पडते, म्हणजे तेही कळते. पण ती तुटली तर काहीच होत नाही. गाडी पूर्वीसारखीच धावते. जोवर थांबायची वेळ येत नाही, तोवर तुटलेली तार आणि शाबूत तार यांत काडीचा फरक दिसत नाही.

त्यामुळे तिला विचारत राहावे लागते. मल्टिमीटर असेल तर मॅग्नेटोकडची तार सोडवून तिचे टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांमध्ये मोजावे. बटण 'बंद' असताना रोध जवळजवळ शून्य हवा, 'चालू' असताना वाट पूर्ण तुटलेली हवी. मोजताना तार हलवून पाहावी, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना खोटे बोलते. इंजिन पहिल्यांदा सुरू केले, की जागच्या जागी मंद चालत असतानाच बटणाने ते थांबते का, हे आधी पाहावे आणि मगच गाडी हलवावी. दोन बटणे असतील, एक डॅशवर आणि एक मागे बाहेरच्यासाठी, तर एक दिवस एकाने आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने गाडी बंद करावी.

आणि तरीही बटणाने दगा दिला तर? गिअर हाताने बदलण्याची गाडी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन गुदमरवता येते. ऑटोमॅटिकला हा उपाय नाही. पेट्रोलचा कॉक बंद करता येतो, पण कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत राहते. कार्बोरेटरचे तोंड फळीने झाकून हवा कोंडता येते, मात्र फळीने, हाताने नव्हे. हे सारे उपाय उभ्या गाडीत ठीक आहेत. धावत्या गाडीत त्यांतला एखादाच उपयोगी पडतो.

शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये बाप आणि मुलगी मिळून जुनी फोर्ड उभी करीत आहेत, असे चित्र अमेरिकेत दुर्मीळ नाही. इंजिनाला क्रोम लावण्यात महिने जातात, रंगावर पैसा ओतला जातो. या तारेचे काम शेवटच्या संध्याकाळी, घाईघाईत उरकले जाते, कारण ती कोणाला दिसत नाही आणि तिच्यावाचून गाडी सुरूही होते, धावतेही. मुलीला गाडी चालवायला देण्याआधी तिला सुरू कशी करायची ते सारेच शिकवतात. बंद कशी करायची, बटण कुठल्या बाजूला ढकलायचे, ते ऐकले नाही तर पुढे काय करायचे, हे त्याच दिवशी, त्याच सीटवर पट्टा बांधून बसवून शिकवायला हवे. आणि बटणावर लिहिलेले 'बंद' हे अक्षर एवढे मोठे हवे, की ज्याने ही गाडी जन्मात पाहिली नाही अशा परक्या माणसालाही ते धावत येताना वाचता यावे.